आजीची चिनी मातीची भांडी विकायची आहेत, एकगठ्ठा देऊन टाकू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगावातल्या शहापूरच्या जुन्या घराच्या माळ्यावरून दोन पेट्या उतरवल्या. आत साठ-सत्तर नग निघाले. सोनेरी काठाचा चहाचा सेट, निळ्या नक्षीच्या मोठ्या बशा, काही वाडगे, चार बरण्या. जुन्या सामानाचा एक व्यापारी सगळ्याचे मिळून आठ हजार देतो म्हणतो, आणि इंटरनेटवर तसल्याच एका बशीला तीनशे डॉलर लिहिलेले दिसतात. देऊ का थांबू?

थांबा. आठ हजार कमी आहेत म्हणून नव्हे. कदाचित ते जास्तही असतील. थांबायचं अशासाठी की पेटीत काय आहे ते आज त्या व्यापाऱ्याला कळलंय आणि तुम्हाला नाही. तांब्या-पितळेच्या घंगाळाला निदान मोडीचा भाव असतो, वजन केलं की खालची पायरी ठरते. चिनी मातीला मोड नाही. फुटली की उकिरडा. त्यामुळे साठ नगांतले पन्नास जवळजवळ फुकटात जातील आणि उरलेल्या पाच-दहांवर सगळा व्यवहार असेल, हे धरूनच चाला. ते पाच-दहा कुठले हे आधी तुम्ही शोधायचं.

डॉलरचं आधी बाजूला ठेवू. तो आकडा मागणीचा असतो, विक्रीचा नव्हे. ईबेवर 'विकलेल्या वस्तू' अशी गाळणी लावून बघा, तेव्हा खरा भाव दिसतो आणि बहुतेक वेळा तोंड उतरतं. दुसरं म्हणजे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. कमी वयाची असली तरी पाठवताना 'ही पुरावस्तू नाही' असा पुरातत्त्व खात्याचा दाखला जवळ असलेला बरा. बेळगाव भाग त्यांच्या धारवाड मंडळात येतो. देशातल्या देशात घरची भांडी विकायला मनाई नाही. परवाना लागतो तो पुरावस्तूंचा धंदा करणाऱ्याला. म्हणजे तुमचं गिऱ्हाईक इथलंच, आणि भावही इथलाच.

आता भांडी. पहिली चूक धुण्यात होते. पितळ उजळायची सवय असलेला हात चिंच, राख, पितांबरी घेऊन बसतो आणि दहा मिनिटांत सोनेरी काठ पुसून टाकतो. सोनं आणि बरेचसे रंग लुकणाच्या, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या चकचकीत थराच्या, वर बसवलेले असतात, घासले की जातात. प्लास्टिकच्या टबात तळाशी जुना टॉवेल घाला, कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचा लिक्विड साबण, एका वेळी एकच नग, बोटातल्या अंगठ्या काढून. ब्लीच अजिबात नको. ते लुकणातल्या बारीक जाळीतून आत शिरतं, आत त्याचे क्षार धरतात आणि काही महिन्यांनी लुकणाचे पापुद्रे सुटतात. पिवळट डाग पडलेत तर राहू द्यात. जिथं पूर्वी डिंक किंवा सरस लावून जोडलेलं दिसतं तो नग भिजवूच नका, ओल्या फडक्याने पुसा.

धुऊन वाळले की एकेक नग दिवसाच्या उजेडात घ्या. बशी डाव्या हाताच्या तीन बोटांच्या टोकांवर मधोमध तोला आणि काठावर पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलकी टिचकी मारा. आवाज खणखणीत आणि लांबला तर बशी सलग आहे. बद्द आला तर कुठंतरी तडा आहे, डोळ्यांना दिसो वा न दिसो. मात्र जाड मातीच्या भांड्याचा आवाज मुळातच ठोकळ असतो, म्हणून तुलना त्याच सेटमधल्या दुसऱ्या बशीशी करायची, पातळ कपाशी नव्हे.

मग अंधाऱ्या खोलीत मागून मोबाइलचा टॉर्च लावा आणि मध्ये बोटं धरा. बोटांची सावली पलीकडे दिसली तर पोर्सिलेन किंवा बोन चायना. उजेड उबदार, सायीसारखा असेल तर बहुधा बोन चायना, निळसर-थंड असेल तर कडक पोर्सिलेन. काहीच दिसलं नाही तर मातीचं भांडं, ते वाईट असतं असं नाही. बोन चायनात जवळजवळ निम्मी हाडांची राख असते. सोवळं पाळणाऱ्या घरांत कपबशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरच राहायची, पाहुण्यांपुरती. अशा घरातून आलेल्या सेटचं सोनं अनेकदा शाबूत सापडतं ते म्हणूनच.

नोटा तपासायचा जांभळा टॉर्च मिळाला तर तोही फिरवा. नंतर भरलेला टवका आणि वरून मारलेला रंग मूळ लुकणापेक्षा वेगळा चमकतो. आणि लोहचुंबक लावून बघा. 'स्वीडन', 'ऑस्ट्रिया', 'चेकोस्लोव्हाकिया' असा शिक्का असलेल्या ताटल्या पुष्कळ घरांत चिनी माती म्हणून जपलेल्या असतात. त्या तामचिनी, आत लोखंड. चुंबक चिकटलं की वेगळा ढीग. त्यांनाही गिऱ्हाईक आहे, पण ते वेगळं.

मोठी बशी उलटी केल्यावर मागे धातूच्या बारीक कड्यांची रांग दिसली, कपड्याला टाके घालावेत तशी, तर घाबरू नका आणि त्या काढू तर मुळीच नका. आजचे पक्के गोंद येण्याआधीची दुरुस्ती ती. हिऱ्याच्या टोकाने अर्धवट भोकं पाडून त्यात तार बसवलेली असते. किंमत उतरते हे खरं, पण टाके उपटले की बशी दोन तुकड्यांत हातात येते.

आता तळाचा शिक्का. इथं घाई करू नका. १८९१ पासून अमेरिकेत येणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, म्हणून इंग्लंड-जपानचे कारखाने सरसकट देशाचं नाव छापू लागले. तळाला नुसतं 'इंग्लंड' असेल तर साधारण १८९१ नंतरचं, 'मेड इन इंग्लंड' असेल तर बहुधा विसाव्या शतकातलं. देशच नसेल तर जुनं असू शकतं, पण तेवढ्यावर उड्या मारू नका. सेटमधल्या प्रत्येक नगावर शिक्का असतोच असं नाही. चौकट फिरवून उभी केल्यासारखा, कोपऱ्यांत अक्षरं-आकडे असलेला शिक्का म्हणजे इंग्लंडची १८४२ ते १८८३ मधली नक्षी-नोंदणी. १८८४ पासून तिथं 'आरडी नंबर' आणि सरळ आकडा येतो. दोन्हींवरून नक्षीची नोंदणी कधी झाली ते कळतं, भांडं कधी भाजलं ते नाही. 'रॉयल' शब्द किंवा सिंह-एकशिंग्याचं राजचिन्ह दिसलं म्हणजे राणीच्या टेबलावरचं नव्हे. कित्येक कारखान्यांनी ते छापलंय.

जपानी मालावर 'निप्पॉन' असेल तर १८९१ ते १९२१, त्यानंतर 'जपान', आणि 'ऑक्युपाइड जपान' असेल तर महायुद्धानंतरची, १९५२ पर्यंतची थोडी वर्षं. पानांच्या वेलीत इंग्रजी एम असेल तर तो नोरिताकेचा जुना शिक्का, १९५३ पासून एमच्या जागी एन आला. पहुडलेला स्फिंक्स आणि 'मास्ट्रिख्ट' असेल तर हॉलंडचा रेगू कारखाना. तुमचे वाडगे त्यातले असण्याची शक्यता मला वाटते. ते जाड, साधे, छापील फुलांचे असतात आणि दिवाणखान्यातल्या भिंतीसाठी लोक आवडीने घेतात.

निळ्या बशांवर पूल, विलोचं झाड आणि वर उडणारे दोन पक्षी असतील तर ती विलो नक्षी. अठराव्या शतकाच्या शेवटापासून शेकडो कारखान्यांनी काढलेली, आजही निघते. त्यावर फार आशा ठेवू नका. चिनी चार किंवा सहा अक्षरांचा शिक्का असेल तर मात्र कुणाच्याही वाचनावर लगेच विश्वास नको, माझ्याही नको. कांगशी (१६६२ ते १७२२) किंवा चियेनलुंग (१७३६ ते १७९५) बादशहांचं नाव चिनी कारागीर नंतरही आदराने लिहीत आले. त्या नगाला दहापट भिंगाखाली बघा: चित्रात बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर छपाई, अलीकडची. बूडकडीवर (तळाच्या ज्या कड्यावर भांडं टेकतं त्यावर) वापराचे ओरखडे वेडेवाकडे, कमीजास्त असतात. सगळीकडे एकसारखे दिसले तर कुणीतरी पॉलिश पेपर फिरवलाय. तरीही शंका उरली तर तेवढाच नग मुंबईच्या एखाद्या लिलावगृहाला फोटो पाठवून विचारायचा.

आपल्याकडचा माल कमी लेखू नका. बेंगॉल पॉटरीज, ग्वाल्हेर पॉटरीज, सौराष्ट्रातली परशुराम पॉटरी, यांचे पूर्ण सेट मागणारे लोक आहेत, कारण त्यांच्या आईच्या सेटमधली एक बशी फुटलेली असते.

किंमत कशाने चढते? वयाने सगळ्यात कमी. पूर्ण सहा किंवा बारा जणांचा सेट, झाकणासकट किटली, झाकणासकट रश्शाचं मोठं भांडं, साखरेचं भांडं, दुधाचा जग. झाकणं पहिल्यांदा फुटतात, म्हणून झाकण असलेलं भांडं आणि नसलेलं भांडं या दोन वेगळ्या वस्तू समजा. सोनं सत्तर टक्के गेलेला सेट 'अँटिक' म्हणून नव्हे, 'वापरलेला' म्हणून विकला जातो. सहातली एक बशी केसाएवढ्या तड्याची असेल तर 'पाच चांगल्या, एक तडकलेली' असंच लिहा. लपवलेला तडा पार्सल उघडल्यावर दिसतो आणि पैसे परत जातात.

यादी करा. प्रत्येक नगाखाली कागदाची चिठ्ठी आणि क्रमांक. चिकटपट्टी नको, सोनं घेऊन निघते. चार फोटो: वरून, तळ, शिक्का जवळून, आणि दोष. शेजारी पट्टी ठेवा. ही यादी बहीण-भावंडांनाही पाठवा. वारसा सगळ्यांचा आहे, कोल्हापूरला दिलेल्या बहिणीचाही, आणि 'विका' एवढा लेखी होकार व्हॉट्सॲपवर असला तरी पुढची कटकट वाचते. घरात वापरलेल्या भांड्यांच्या विक्रीवर सहसा भांडवली नफ्याचा कर बसत नाही, पण कलावस्तू ठरेल असा एखादा महाग नग निघाला तर तो अपवाद, तेव्हा सीएला विचारा. रोख दोन लाख किंवा जास्त घेऊच नका, कायद्याने चालत नाही.

विकायचं कुठं? बेळगावात एवढं गिऱ्हाईक नाही हे मान्य करा. तुम्हाला गोवा जवळ आहे. चोर्ल्यामार्गे गेलं की जुन्या घरांचे होमस्टे, कॅफे आणि तिथले जुन्या वस्तूंचे दुकानदार विलो, मास्ट्रिख्ट, निळं-पांढरं असलं काही भिंतीसाठी-टेबलासाठी घेतात. पूर्ण सेट आणि नोरिताके ऑनलाइन टाका. खरोखर दुर्मीळ एक-दोन निघाले तरच मुंबई: मटण स्ट्रीटच्या चोरबाजारात नुसता भाव ऐकायला जा, विकायला लिलावगृह. लिलावात देताना चार गोष्टी लेखी: कमिशन किती, राखीव किंमत (जिच्या खाली विकायचं नाही ती) काय, त्यांच्याकडे फुटलं तर भरपाई कोणाची, न विकल्यास परत पाठवायचा खर्च कोणाचा.

आठ हजारवाल्याशी असं बोला: 'सगळं मिळून नको, क्रमांकवार भाव लिहून द्या.' एकगठ्ठा भावात त्याला हवा असलेला एक नग बाकीच्यांच्या खाली दडलेला असतो. क्रमांकवार लिहायला लावलं की तो कुठल्या नगापाशी रेंगाळतो ते दिसतं. तसा भाव दोघांकडून घ्या, दोघांचा हात जिथं थबकतो तो नग राखून ठेवा आणि बाकीचं खुशाल त्यालाच द्या.

ऑनलाइन टाकलंत की एक फोन येईल: 'मी मिलिटरीत आहे, कॅन्टोन्मेंटमध्ये पोस्टिंग आहे, घासाघीस नको, ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा.' मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या गावात हे पटकन खरं वाटतं. पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही की पिन टाकावा लागत नाही. फोन ठेवून द्या.

पाठवताना बशा आडव्या एकावर एक रचू नका, उभ्या ठेवा, काठावर. धक्का काठ जास्त सोसतो. आधी पातळ पांढरा कागद (वर्तमानपत्राची शाई सोन्याला लागते), त्यावर बबल रॅपचे दोन थर, झाकण वेगळं गुंडाळलेलं. हा खोका दुसऱ्या मोठ्या खोक्यात, चहूबाजूंनी पाच सेंटीमीटर भरणी. स्वतःच्या गाडीतून गोव्याला नेणार असाल तर भाताचं पिंजर उत्तम, पण कडक वाळलेलं, आणि पावसाळ्यात नकोच. कुरियरचा विमा काच-चिनी मातीच्या तुटफुटीला बहुतेकदा लागू नसतो, पावतीच्या मागचं वाचा.

चार बरण्यांचं: लुकणावर जाळी पडलेली असेल तर त्यात लोणचं घालून बघायचा मोह आवरा, जुन्या लुकणात शिसं असू शकतं आणि आंबट-खारटाने ते उतरतं. विकताना 'शोभेसाठी' असं लिहा. दाद्रा बांधायची खाच असलेली, पिवळी-तपकिरी, दोन-रंगी बरणी एकेकटी विकू नका, लहानापासून मोठीपर्यंत ओळीने लावून एकच फोटो काढा, जोडीने जातात.