इंडिका व्हिस्टामध्ये स्विफ्टची टायमिंग चेन आणि टर्बो चालतात का?

प्रश्न: २०११ ची व्हिस्टा क्वाड्राजेट आहे. सकाळी स्टार्ट केली की चेनचा खळखळ आवाज येतो, टर्बोही थकलाय. इंजिन स्विफ्ट डिझेलचंच आहे म्हणतात. मग दोन्ही पार्ट स्विफ्टचे टाकले तर? मेकॅनिक नको म्हणतोय.

उत्तर:

चेन किट चालतं (टायमिंग चेन म्हणजे क्रँकवरून व्हॉल्व्ह उघडणारे कॅम फिरवणारी इंजिनातली चेन). तुमच्या मेकॅनिकला नको म्हणायला काही पडत नाही, गाडी तुमची उभी राहते.

पण 'स्विफ्टचं इंजिन' हे काही मला सहन होत नाही. इंजिन फियाटचं आहे. १.३ मल्टिजेट, १२४८ सीसी. इटलीवाल्यांनी ते २००३ मध्ये बाजारात आणलं. मारुतीने लायसन्स घेऊन ते मानेसरला बनवलं, २००७ मध्ये स्विफ्टमध्ये घातलं आणि वर डीडीआयएस लिहिलं. टाटांच्या व्हिस्टाला तेच इंजिन फियाटच्या आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातून मिळालं, त्यांनी त्याला क्वाड्राजेट म्हटलं. शेवरोले बीट डिझेलचं ९३६ सीसीचं इंजिनही ह्याच घराण्यातलं, एक सिलिंडर कमी करून काढलेलं. स्टिकर वेगळे, बाकी बाप एकच.

आता एवढं तावातावाने का लिहितोय ते सांगतो. मी हेच इंजिन असलेली फियाटची सेकंड हँड पुंटो घेतली तेव्हा आमच्या दाजींनी भर पंगतीत विचारलं, "फियाट घेतलीस? आता पार्ट आणायला इटलीला जाणार काय?" सगळे हसले. दाजींची स्विफ्ट डिझेल दारात उभी होती, त्यामुळे त्यांना बोलायचा हक्कच होता म्हणे.

पुंटोच्या आधीच्या मालकाने ऑइलचं पार डांबर होईपर्यंत गाडी चालवलेली. ह्या इंजिनात चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो. ऑइल घाण झालं, संपमधली (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यातली) जाळी तुंबली की प्रेशर पडतं, चेन सैल राहते, तिला रांगेत धरणारे गाईड झिजतात. मग सकाळी थंड इंजिनावर तुम्हाला येतो तसलाच आवाज. एका मोठ्या वर्कशॉपने पार्टला किती दिवस लागतील ते सांगता येत नाही म्हटलं आणि वर अख्खं इंजिन बदलायचं कोटेशन हातात ठेवलं. मी गाडी टो करून घराजवळच्या गॅरेजवर नेली. तिथल्या अण्णांनी संप आणि पुढचं कव्हर उतरवलं, जुनी चेन, स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं), गाईड, टेन्शनर सगळं एका पिशवीत घातलं आणि मला पुण्याच्या नाना पेठेत पार्टच्या दुकानात पाठवलं.

दुकानदाराने पिशवीत एकदाच डोकावून पाहिलं आणि मागून खोका काढला. खोक्यावर स्विफ्ट, रिट्झ, डिझायर. फियाटचं नावसुद्धा नाही. मी म्हटलं, आधी लावून बघू. काउंटरवर कागद पसरला, चेनच्या कड्या मोजल्या, स्प्रॉकेटचे दात मोजले, गाईडवर गाईड ठेवून बोल्टची भोकं जुळवली. सगळं जुळलं. मग त्याने दोन्ही चेना एकाच स्क्रूड्रायव्हरवर लटकवल्या. कड्या तेवढ्याच, पण जुनी डोळ्याला दिसेल एवढी खाली लोंबत होती. चेन ताणली म्हणतात ती अशी दिसते. तुम्हीही हेच करा, बिलावर कुठल्या गाडीचं नाव आहे ते बघत बसू नका.

गाडी झाली, आवाज गेला. पुढच्या कार्यात मी हे दाजींना मुद्दाम सगळ्यांसमोर सांगितलं. तर म्हणतात कसे, "म्हणजे शेवटी मारुतीचाच पार्ट लागला ना!" आता ह्या माणसाला काय सांगायचं? अहो दाजी, फियाटचं इंजिन तुम्हीच घेऊन फिरताय. मानेसरला बनलं म्हणून ते मारुतीचं होत असेल तर माझं रांजणगावला बनलंय, मग ते शिरूर तालुक्याचं म्हणायचं का?

असो. टर्बो. ७५ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप) इंजिनांना साधा टर्बो असतो. तुमची व्हिस्टा आणि स्विफ्ट दोन्ही त्यातल्याच. लिनिया, मान्झा, व्हिस्टा डी९०, एसएक्स४, अर्टिगा ह्या ९० पीएसवाल्यांना व्हीजीटी, म्हणजे आतली पाती हलणारा टर्बो असतो. तो स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका, तुमच्या ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) तो चालवता येत नाही. स्विफ्टच्या टर्बोचं मी डोळे झाकून हो म्हणणार नाही. जुना काढून शेजारी ठेवा, फ्लँज (बोल्टने जोडायची कड), पाइपांची तोंडं, ॲक्च्युएटर (प्रेशर आवरणारा दांडा) बघा. माझ्या मते टर्बोचा नुसता कोअर, म्हणजे आतला फिरणारा भाग, बदलून घेतलेला बरा. आणि चेन ज्या घाण ऑइलने खाल्ली, त्यानेच टर्बोही खाल्ला असणार. टर्बोला ऑइल नेणारा पाइप साफ केल्याशिवाय नवीन बसवला तर तोही जाईल.

पिस्टन, रिंगा, बेअरिंग हा आतला माल बहुतेक जुळतो. बाहेरचा माल ज्याचा त्याचा: ईसीयू, वायरिंग, माउंटिंग, क्लच, गिअरबॉक्स ह्यांची अदलाबदल करू नका. इंजेक्टर जुळतात, पण प्रत्येकावर कोड छापलेला असतो आणि तो स्कॅनरने ईसीयूत भरावा लागतो. भंगारातून आणून नुसते ठोकले तर गाडी धूर ओकते.

आणि हो, कॅम आणि क्रँक पिना घालून लॉक न करता नुसत्या खुणा करून चेन बदलणारा असेल तर त्याच्याकडे गाडी सोडू नका. चेनसाठी हेड उतरवावं लागत नाही. कोणी उतरवलंच तर हेडखालचं गॅस्केट वेगवेगळ्या जाडीत येतं, पिस्टन किती वर येतो ते डायल गेजने मापून निवडायचं असतं. तिथे 'स्विफ्टचं दे' म्हणून भागत नाही. कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारातून अख्खं इंजिनच आणायचा विचार असेल तर ब्लॉकवरचा नंबर आरसीशी जुळणार नाही. आधी आरटीओची परवानगी काढा, नाहीतर गाडी विकताना अडकाल.