मंडळीला (म्हणजे चर्चला) मराठी ख्रिस्ती रेडिओ स्टेशन सुरू करायचं असेल तर एफएम घ्यावा की इंटरनेट? आणि आता रेडिओ ऐकतं कोण?

तुम्ही नगर जिल्ह्यातल्या मंडळीसाठी विचारताय, बजेट मर्यादित आहे आणि चोवीस तासांचं स्टेशन काढायचं डोक्यात आहे, हे धरून लिहितो.

एफएमचा विचार सोडून द्या. खासगी एफएमच्या धोरणानुसार धार्मिक संस्थेच्या ताब्यातल्या किंवा तिच्याशी संबंधित कंपनीला परवान्याच्या लिलावात उतरताच येत नाही. ही अट सगळ्याच धर्मांना आहे. सामुदायिक रेडिओ ना-नफा संस्थांना २००६ पासून मिळतो, पण तो गावच्या शेती, आरोग्य, शिक्षणासाठी. निम्मे कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार झालेले लागतात, बातम्या आकाशवाणीच्याच, त्याही जशाच्या तशा किंवा स्थानिक भाषेत अनुवाद करून, आणि १०० वॅटवर पल्ला फार तर दहा-पंधरा किलोमीटर. ‘शाळेच्या ट्रस्टच्या नावाने परवाना काढू आणि त्यावर उपासना लावू’ असं सुचवणारा कोणी ना कोणी भेटेलच. त्याच्या नादी लागू नका.

ऑनलाइन विकायला असलेले स्वस्त एफएम ट्रान्समीटर तर घेऊच नका. एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि त्याला लागूनच विमानवाहतुकीच्या लहरी सुरू होतात. स्वस्त यंत्राचं फिल्टर कच्चं असतं, त्यामुळे लहरी नको तिथे सांडतात. परवान्याशिवाय ते लावणं गुन्हा आहेच.

एकेकाळी या अडचणीवर परदेशातून शॉर्टवेव्ह, म्हणजे हजारो किलोमीटर पोचणारं रेडिओ प्रसारण, हा उपाय होता. सेशेल्स बेटांवरचं फेबा या ख्रिस्ती प्रसारण संस्थेचं केंद्र २००३ मध्ये बंद झालं. फिलिपीन्समधल्या रेडिओ व्हेरितास आशिया या कॅथलिक केंद्राने २०१८ मध्ये शॉर्टवेव्ह थांबवली आणि सगळं इंटरनेटवर नेलं. अजून चालू असलेल्या परदेशी केंद्रांवर वेळ विकत घेणं आजही शक्य आहे, पण ऐकणाऱ्याच्या घरी तो सेटच उरलेला नाही.

राहिलं इंटरनेट. तांत्रिक बाजू लोक समजतात त्यापेक्षा सोपी आहे. भाड्याचा छोटा सर्व्हर घ्या, ४ जीबी रॅमचा पुरे, आणि त्यावर अझुराकास्ट हे मोफत सॉफ्टवेअर टाका. प्लेलिस्ट, वेळापत्रक आणि श्रोत्यांची आकडेवारी त्यातच मिळते. स्ट्रीम (इंटरनेटवरून सतत जाणारा आवाजाचा प्रवाह) ६४ केबीपीएस वेगाने, एएसी या ऑडिओ प्रकारात ठेवा. भाषण आणि भजनाला तेवढं छान पुरतं, आणि ऐकणाऱ्याचा तासाला साधारण २९ एमबी डेटा जातो. सर्व्हरचा हिशेबही यावरूनच निघतो. दिवसरात्र सरासरी ५० जण ऐकत असतील तर महिन्याला जेमतेम १ टीबी. स्टुडिओतल्या लाइनवर श्रोत्यांचा भार पडत नाही, तिथून एकच प्रवाह सर्व्हरकडे जातो. म्हणून घरगुती फायबर चालतं. मात्र राउटरला वेगळा छोटा यूपीएस हवाच. वीज गेल्यावर संगणक इन्व्हर्टरवर चालू राहतो, राउटर बंद पडतो आणि ‘सर्व्हर बिघडला’ म्हणून तासभर शोधाशोध होते.

दोन बिघाड हटकून होतात. पहिला: वेबसाइट ‘एचटीटीपीएस’वर आणि स्ट्रीम साध्या ‘एचटीटीपी’वर ८००० क्रमांकाच्या पोर्टवरून. ब्राउझर ती अडवतो, कुठलीच चूक दाखवत नाही, फक्त आवाज येत नाही. स्ट्रीमही ४४३ पोर्टवरून सुरक्षित पत्त्यानेच द्या. दुसरा: लाइव्ह तुटल्यावरची शांतता. त्यासाठी लाइव्ह बंद पडताच आपोआप सुरू होणारी राखीव प्लेलिस्ट लावतात. अझुराकास्ट हे आपणच सांभाळतं. सुटा आइसकास्ट (फक्त स्ट्रीम पोचवणारं सॉफ्टवेअर) वापरलात तर लाइव्ह आणि राखीव फाइल दोन्हींचा कोडेक (ऑडिओचा प्रकार), बिटरेट आणि सॅम्पल रेट एकच ठेवा. लाइव्ह ४४.१ किलोहर्ट्झवर आणि राखीव फाइल ४८ वर असेल तर काही प्लेअर तिथेच मुके होतात.

खरा खर्च तासांचा आहे. पंधरा मिनिटांच्या कार्यक्रमात एक गीत आणि सुरुवात-शेवटचं संगीत धरलं तर बोलायला दहा मिनिटं उरतात, म्हणजे अकराशे शब्दांच्या आसपास संहिता. लिहिणं, वाचून बघणं, ध्वनिमुद्रण, संपादन, अपलोड यांत अर्धा दिवस जातो. चोवीस तास ताजं काही देणं कुठल्याच मंडळीला जमत नाही. सहा तासांचा एक गठ्ठा करा आणि तो दिवसातून चार वेळा लावा. पहाटे उठणारा आणि रात्रपाळीवाला, दोघांनाही तोच कार्यक्रम मिळतो. तासाला पाच गीतं धरली तर गठ्ठ्याला तीस लागतात. आठवडाभर तीच ती वाटू नयेत म्हणून हाताशी दीडशे तरी हवीत.

आणि इथेच हक्कांचा घोळ सुरू होतो. ‘देवाची गाणी आहेत, कोण विचारतंय’ हे चालत नाही. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण हे तीन वेगळे हक्क आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्ये वारले, त्यांचे शब्द केव्हाच मुक्त झाले. पण त्यांच्या गीताला कोणी नवी चाल लावून गेल्या वर्षी अल्बम काढला असेल, तर ती चाल आणि ते ध्वनिमुद्रण त्या माणसाचं. एफएमवाल्यांना कॉपीराइट कायद्याच्या ३१ड कलमाखाली ठरलेल्या दराने गाणी वाजवता येतात. इंटरनेट स्ट्रीमिंगला ते कलम लागू नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आणि २०२२ मध्ये खंडपीठाने ते कायम केलं. म्हणजे तुम्हाला हक्कधारकाकडूनच परवानगी घ्यावी लागणार. सोपा मार्ग असा: जुनी पदं जुन्याच चालींवर आपल्याच गायकमंडळाकडून नव्याने ध्वनिमुद्रित करायची आणि प्रत्येक गायक-वादकाकडून एका कागदावर सही घ्यायची. शास्त्रवाचनाचंही तसंच. बायबल सोसायटीच्या प्रचलित मराठी भाषांतरावर त्यांचा हक्क आहे, अध्यायच्या अध्याय वाचायचे तर लेखी परवानगी मागा. पंडिता रमाबाईंचा बायबलचा अनुवाद मुक्त आहे, पण त्याची भाषा आजच्या कानाला जड जाते.

रविवारची उपासना लाइव्ह लावणार असाल तर मिक्सरच्या मुख्य आउटपुटवरून आवाज घेऊ नका. सभागृहात ढोलक आणि मंडळीचं गाणं आपोआप ऐकू येतं, म्हणून मिक्सरवर ते दबलेलं किंवा मुळीच नसतं. श्रोत्याला एकटे पाळकसाहेब कोरड्या आवाजात गाताना ऐकू येतात. मिक्सरचा वेगळा ऑक्स सेंड (जादा आउटपुट) प्री-फेडर, म्हणजे सभागृहाच्या आवाजाच्या पट्ट्यांपासून स्वतंत्र, ठेवून त्याचं मिश्रण स्वतंत्र करा, आणि मंडळीच्या दिशेने तोंड केलेला एक माइक छताजवळ टांगून तो फक्त स्ट्रीमसाठी वापरा. मिक्सर आणि लॅपटॉप वेगवेगळ्या सॉकेटवर असले की ५० हर्ट्झची घूं येते. मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावला की जाते. स्टुडिओसाठी महागडा कंडेन्सर माइक घेऊ नका, तो पंखा आणि रस्ता दोन्ही पकडतो. साधा डायनॅमिक माइक तोंडापासून चार-पाच बोटांवर, भिंतींना गोधड्या आणि पंखा बंद, एवढ्यावर काम भागतं. सगळ्या फाइली –१६ एलयूएफएसला (हे आवाजाची पातळी मोजायचं एकक) आणून ठेवा, नाहीतर प्रवचन ऐकायला आवाज वाढवलेल्या माणसाच्या कानात पुढचं गाणं आदळतं.

मजकुराबाबत एकच गोष्ट ठासून सांगतो. ‘प्रार्थनेने कॅन्सर बरा झाला, गोळ्या बंद केल्या’ अशी साक्ष संपादनात कापा. १९५४ चा जादुई उपचारांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा आणि महाराष्ट्रातला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा बाजूला ठेवला तरी, ती ऐकून कोणी खरंच गोळ्या सोडेल. दुसऱ्या धर्मावर टीका नको. लाइव्ह फोन घेणार असाल तर आधी ध्वनिमुद्रित करून मगच लावा. परदेशातून देणगी घेण्याचा बेत असेल तर बातम्या आणि चालू घडामोडींपासून लांब राहा, कारण असे कार्यक्रम प्रसारित करणाऱ्या संस्थांना एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) परदेशी निधी घेऊच देत नाही.

आता ‘ऐकतं कोण’. तरुण माणूस तुमचं ॲप उतरवणार नाही, त्याला व्हॉट्सॲपवर दहा मिनिटांची फाइल हवी. ४८ केबीपीएस मोनो एमपीथ्री केली तर ती ३.६ एमबीची होते, कुठल्याही नेटवर्कवर उतरते. रोज सकाळी ठरलेल्या वेळेला टाका, वेळ चुकवू नका. माझ्या मते सुरुवात इथूनच करावी. सहा महिने रोजचा कार्यक्रम न चुकता निघाला तर स्ट्रीम सुरू करा, नाही निघाला तर चोवीस तासांचं स्टेशन झेपणार नव्हतंच.

साध्या फोनवाल्या आजी-आजोबांसाठी मेमरी कार्ड आणि बाजारात मिळणारा छोटा स्पीकर. ८ जीबीच्या कार्डावर ६४ केबीपीएसने अडीचशे तासांचं साहित्य मावतं. कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, फाइली एमपीथ्रीच ठेवा, स्वस्त स्पीकर एएसी वाजवत नाहीत. बरेच स्पीकर नावाचा क्रम पाहत नाहीत, ज्या क्रमाने फाइली कार्डावर उतरल्या त्याच क्रमाने वाजवतात. म्हणून रिकाम्या कार्डावर एकेक करून क्रमानेच कॉपी करा, नाहीतर उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायानंतर थेट नाताळची गीतं लागतील.