मधुमेहाच्या गोळीने साखर फार उतरली तर हृदयालाही धोका असतो का?

असतो. "साखर कमीच झाली ना, मग चांगलंच की" म्हणणाऱ्यांना हे कुणीतरी ठणकावून सांगायला हवं.

माझे वडील सत्तरी ओलांडलेले, ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी वर्षानुवर्षं चालू. आषाढी एकादशीला त्यांनी सकाळी गोळी घेतली आणि वर नुसता बिनसाखरेचा चहा. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या बनियन घामाने चिंब, बोलणं असंबद्ध. हात थरथरत नव्हते, धडधडही होत नव्हती, कारण बीपीसाठी मेटोप्रोलॉल चालू होतं. ते या दोन्ही खुणा दाबतं, घाम मात्र दाबत नाही. काका म्हणाले, "उपासाचा थकवा आहे, झोपू दे त्याला." मी ऐकलं नाही. ग्लुकोमीटरवर आकडा ४१. गिळता येत होतं म्हणून साखरपाणी पाजलं आणि थेट दवाखाना गाठला.

ईसीजीत क्यूटी (एका ठोक्याच्या विद्युत-क्रियेला लागणारा वेळ) लांबलेला, मधूनच जादा ठोके, पोटॅशियम उतरलेलं. साखर घसरली की शरीर अ‍ॅड्रेनालिन सोडतं, पोटॅशियम रक्तातून पेशींत शिरतं आणि ठोक्यांची लय बिघडते. आधीच ब्लॉकेज असेल तर त्या ताणाने हृदयाला रक्त कमी पडतं. ग्लुकोज चालू असूनही रात्री साखर पुन्हा घसरली. या गोळीचा असर लांबतो, त्यात वडिलांचं क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनी मंदावलेली. म्हणून साखर खाऊन बरं वाटलं की घरीच थांबणं मला मुळीच पटत नाही.

काकांचा हेका आजही तोच: एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६ टक्क्यांच्या आत हवं. अमेरिका आणि कॅनडातल्या अ‍ॅकॉर्ड चाचणीत दहा हजारांवर मधुमेही होते. ज्या गटात ते ६ च्या खाली नेण्याचा प्रयत्न झाला, त्यात मृत्यू जास्त झाले आणि २००८ साली ती उपचारपद्धत थांबवावी लागली. वयस्क, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असलेल्या माणसाला ८ च्या आत ठेवलं तरी पुष्कळदा पुरतं. सहाचा हट्ट धरून म्हाताऱ्या माणसाला घाम फोडण्यात कसली आली शिस्त?

अर्थात, ते जादा मृत्यू साखर उतरल्यामुळेच झाले असं सिद्ध झालेलं नाही. तरुण माणसाचं गणित वेगळं. नुसत्या मेटफॉर्मिनवर, म्हणजे मधुमेहाच्या दुसऱ्या एका गोळीवर, साखर सहसा इतकी उतरत नाही. हे वाचून गोळी परस्पर बंद करू नका, पण उपास धरायच्या आधी त्या दिवसाच्या डोसचं डॉक्टरांना विचारा.