माणसं बिनडोक झालेली नाहीत, सामायिक कामं बेवारस झालीत

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: समाजाचा ऱ्हास होतोय का, पूर्वीची माणसं स्वावलंबी होती आणि आताच्यांना साधा फ्यूज बदलता येत नाही, मग हा कॉमन सेन्स गेला कुठे, आणि मुलांना तो शिकवायचा कसा?

फ्यूजवरूनच सुरुवात करतो, कारण तो माझा धंदा आहे. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात मी घरांच्या वायरिंगची कामं घेतो. पूर्वी घरोघरी चिनीमातीचे फ्यूज असत, किटकॅट म्हणायचे त्यांना. तार वितळली की कप ओढून काढायचा, नवी तार गुंडाळायची, परत बसवायचा. हे बऱ्याच जणांना येत होतं, मान्य. पण तार कसली घालायचे ते मी जुनी घरं उघडताना पाहिलंय. पाच अँपिअरची तार सारखी जळते म्हणून दुपदरी तार, मग तिपदरी, आणि कुठे कुठे तर सरळ खिळा. फ्यूज जळायचा थांबायचा आणि भिंतीतली वायर तापू लागायची. घराला आग लागू नये म्हणून केलेली सोयच लोक मोठ्या हुशारीनं मोडून ठेवत होते, वर अभिमानानं सांगत होते की बघा, आम्हाला इलेक्ट्रिशियन लागत नाही.

आता फ्यूजच्या जागी एमसीबी आहे, म्हणजे जास्त भार आला की आपोआप बंद पडणारा स्विच. पडला की वर करायचा. बदलायला फ्यूजच उरला नाही, तर तरुण पोराला तो बदलता येत नाही म्हणून उसासे कशाला टाकायचे? आजच्या अडाणीपणाचा नमुना वेगळा आहे. पावसाळ्यात भिंतीला ओल आली की तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीत गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, पडायला लागतो. कुठेतरी विजेची गळती आहे, कोणाला तरी शॉक बसेल, एवढंच तो सांगत असतो. मला फोन येतो, "सारखा पडतोय, काढूनच टाका तो." हा फोन सत्तरीचे आजोबाही करतात आणि पंचविशीचा इंजिनिअरही करतो. तेव्हा पिढीचा हिशोब मला पटत नाही.

पूर्वीच्या स्वावलंबनाचंही थोडं बघून घेऊ. माझे आजोबा स्वावलंबी होते असं आमच्याकडे सगळे सांगतात. पहाटे विहिरीवरून त्यांच्या अंघोळीचं पाणी कोण ओढायचं, ते कोणी सांगत नाही. जेवल्यावर त्यांचं ताटही आजीच उचलायची. कुळागरातले, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेतले, नारळ पाडायला पाडेली यायचा, सुपारी सोलायला बायका यायच्या, आणि त्यांना काय मिळायचं हा विषय कोणी काढत नसे. ज्याला आपण त्या पिढीचं स्वावलंबन म्हणतो त्यातलं निम्मं दुसऱ्याच्या खांद्यावर उभं होतं.

मला उलटंच दिसतं. सुटा माणूस आज पूर्वीपेक्षा जास्त स्वावलंबी आहे. हल्ली नव्या बंगल्याचं काम घेतो तेव्हा यादीत इन्व्हर्टर असतो, बोअरवेलचा पंप असतो, जमिनीखाली एक टाकी, छपरावर दुसरी, सोलर, चारी कोपऱ्यांना कॅमेरे. सरकारची वीज गेली तरी त्या घराला पत्ता लागत नाही. गेटबाहेरच्या खांबावरचा दिवा दोन महिने बंद असतो, त्याचाही पत्ता लागत नाही. ऱ्हास शोधायचाच असेल तर तो त्या खांबावर शोधा, घरात नको.

याचं गोव्यातलं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे खाजन शेती. चोडणला माझं आजोळ. मांडवीच्या मधोमध असलेलं ते बेट, आणि तिथली बरीच शेतं भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहेत. मांडवी आणि जुवारीच्या काठांनी गोव्यात अशी सतरा-अठरा हजार हेक्टर जमीन आहे. पोर्तुगीज येण्याच्या कित्येक शतकं आधीपासून लोकांनी ती खाऱ्या पाण्याकडून हिसकावून घेतलेली. नदीच्या बाजूनं चिखल, पेंढा आणि चिरे घालून बांध, बांधाबाहेर लाटांचा जोर मोडायला खारफुटी, आणि बांधात एका जागी मानस, म्हणजे लाकडी दारांची मोरी. भरती आली की पाण्याच्या रेट्यानं मानशीची दारं आपोआप मिटतात, ओहोटी लागली की आतलं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. मोटर नाही, सेन्सर नाही. वायरमन असून सांगतो, यापेक्षा भरवशाचं ऑटोमॅटिक मी कुठल्या कॅटलॉगमध्ये पाहिलेलं नाही.

पण दारं आपोआप मिटली तरी बांध आपोआप टिकत नाही. वादळानं तो एका रात्रीत फुटतो असं बाहेरच्यांना वाटतं. बहुतेक वेळा सुरुवात करते ती कुर्ली, म्हणजे खेकडा, किंवा उंदीर. ते बांधाला भोक पाडतात, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला त्या भोकातून पाणी शिरतं, माती सोबत नेतं आणि काही भरत्यांत तिथे भगदाड पडतं. पहिल्या दिवशी ते बुजवायला एक माणूस आणि टोपलीभर चिखल पुरतो. नंतर ठेकेदार लागतो, टेंडर लागतं, आणि तोवर शेत खारं झालेलं असतं. कोरगुट भात थोडंफार मीठ सोसतो, पण रोजची भरती कुठलंच भात सोसत नाही. मग काही वर्षांत शेतात खारफुटी उगवते. ती तोडायलाही परवानगी लागते. तिथून पुढे ते शेत नकाशावरच शेत असतं.

पूर्वी ते पहिलं भोक बघणं हे नेमून दिलेलं काम होतं. गावची जमीन गांवकारीची, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांच्या सामायिक संस्थेची; पोर्तुगीजांच्या भाषेत कोमुनिदादची. गांवकारीचे हे रिवाज १५२६ मध्ये पोर्तुगीजांनी लिहून काढले, तेव्हासुद्धा ते जुनेच होते. बांधाचा खर्च गांवकारी करायची. मानशीवर जाळं लावून मासे धरायचा हक्क पावणीत, म्हणजे लिलावात, दिला जायचा, त्याचा पैसा यायचा, आणि सगळा खर्च वजा जाऊन उरेल ते गांवकारांना झोण म्हणून वाटलं जायचं. बांध फुटला की झोण आटायची, म्हणून भोकाकडे लक्ष असायचं. यात कोणी संत नव्हतं. हिशोबच तसा बांधलेला होता.

या व्यवस्थेचे मी पोवाडे गाणार नाही. झोण पुरुष गांवकारांना मिळायची. चिखलाच्या टोपल्या डोक्यावरून वाहणाऱ्या कष्टकऱ्यांना त्यात वाटा नव्हता, बायकांना बोलायला जागा नव्हती. पोर्तुगीजांपासून मुक्ती मिळाल्यावर १९६४ चा कूळ कायदा आला, १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीनं कसणाऱ्याला जमिनीची मालकी मिळाली, आणि ते व्हायलाच हवं होतं. माझ्या आजोळच्या शेजाऱ्यांची जमीन अशीच त्यांच्या नावावर झाली. पण जमिनीचे तुकडे माणसागणिक वाटता आले, बांध वाटता आला नाही. तो कूळ शेतकऱ्यांच्या संघटनांकडे गेला. काही गावांत त्या चालल्या, बऱ्याच ठिकाणी कागदावर राहिल्या. मोठं भगदाड पडलं की कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागाकडे अर्ज. दरम्यान शेतकऱ्याची मुलं शहरात नोकरीला लागली, भाताला भाव नाही, आणि मानशीचा ठेका घेणाऱ्याला आत जितकं खारं पाणी येईल तितके मासे जास्त. दारं वेळेवर मिटू न देण्यात त्याचा फायदा. म्हणजे ज्या मानशीच्या पैशावर बांध जगत होता, तीच कुठे कुठे बांधाच्या मुळावर आली.

आता सांगा, यात कॉमन सेन्स कोणाचा कमी पडला? प्रत्येकानं आपापल्या जागी शहाणपणाचाच निर्णय घेतलाय. नोकरी धरणारा मुलगा चुकला नाही, शेत पडीक ठेवणारा बापही चुकला नाही. बांधावरून चालणाऱ्या प्रत्येकाला ते भोक दिसतं. ते बुजवायचं कोणी हे ठरलेलं नाही, आणि दुसऱ्याच्या शेताला लागून असलेला बांध आपण उगाच हात लावून बुजवला तर उद्या तंटा आपल्याच अंगाशी यायचा, हेही व्यवहारज्ञानच आहे.

पाण्याचं तसंच. ऑगस्ट २०१९ मध्ये खांडेपारला ओपाच्या पाणी प्रकल्पातून येणारी जलवाहिनी फुटली आणि पणजीसह तिसवाडी तालुक्याचे नळ कित्येक दिवस कोरडे राहिले. महिना कुठला ते बघा. वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या राज्यात, ऐन पावसाळ्यात, लोक टँकरमागे धावत होते. बाहेर पागोळ्या गळत होत्या आणि आत बादल्या रिकाम्या. तेव्हा सगळीकडे जुन्या विहिरींची आठवण निघाली. विहिरी होत्याही. पण काहींत कचरा, काहींवर स्लॅब, काहींच्या शेजारी सेप्टिक टँक. विहिरीचा गाळ दरवर्षी पावसाआधी उपसायचा असतो आणि ते चार जणांचं काम आहे. नळ आल्यावर चार जण जमायचं कारणच संपलं. नळ आला हे वाईट झालं असं म्हणणाऱ्यानं आधी एक उन्हाळा रहाटावर काढावा. माझ्या आईला विचाराल तर ती नळाच्याच बाजूनं मत देईल.

गोवेकर एकत्र येत नाहीत असंही नाही. २००७ च्या जानेवारीत लोकांच्या रेट्यापुढे सरकारनं प्रादेशिक आराखडा, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणारा आराखडा, मागे घेतला. त्याच वर्षाच्या अखेरीस एसईझेड, म्हणजे उद्योगांसाठीची विशेष आर्थिक क्षेत्रं, गुंडाळायला लागली. आजही कुठल्याही रविवारी ग्रामसभेला जाऊन बसा, मेगा प्रोजेक्टचा विषय निघाला की पंचायतीचं छप्पर उडायची वेळ येते. नको म्हणायला गाव जमतो. तोच गाव मे महिन्यात व्हाळ, म्हणजे ओढा, उपसायला बोलावला तर सरपंच, पंच आणि फोटो काढणारा एवढेच येतात. भांडायचं तेवढं आम्हाला येतं, राखायचं काम मात्र खात्याकडे. तुम्ही ज्याला ऱ्हास म्हणता तो मला इथे दिसतो, आणि त्यात माझ्या पिढीचा वाटा पोरांपेक्षा मोठा आहे, कारण पोरांच्या हातात ही कामं आलीच नाहीत.

मुलांना काय शिकवायचं हेही तुम्ही विचारलंय. टायर बदलणं, बटण लावणं, भात शिजवणं शिकवा, ते चांगलंच. पण त्यांचं ते फोनवर बघून दहा मिनिटांत शिकतात, त्याची मला काळजी नाही. मी त्यांना घराबाहेरचं एखादं काम नेमून देईन, ज्याचा फायदा शेजाऱ्यालाही होतो. सोसायटीच्या टाकीचा व्हॉल्व्ह कुठे आहे, गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याच्या जाळीत पानं अडकलीत का, गल्लीतलं गटार पुढे कुठे जाऊन मिळतं. महिन्यातून एकदा बघायचं आणि काही बिघडलं असेल तर कोणाला सांगायचं तेही त्यानंच शोधून काढायचं. हा दुसरा भाग जास्त अवघड आहे, मोठ्यांनाही जमत नाही.

आणि तुमच्याकडे अर्थिंगचा, म्हणजे गळतीची वीज जमिनीत उतरवणारा, खड्डा असेल, बहुतेक इमारतींना असतो, तर तो आधी शोधून काढा. अर्ध्या लोकांना तो कुंडीखाली सापडतो. मार्चपासून पाऊस लागेपर्यंत त्यात आठवड्याला एक बादली पाणी ओतायचं, नाहीतर जमीन सुकते आणि अर्थिंग नावापुरतं राहतं. हे काम मुलाकडे द्यायला हरकत नाही. बोर्डाला ओला हात लावायचा नाही, एवढं आधी बजावा.