रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग हा थकवा कसला?

उन्हाळ्यात या सदराकडे एरवी ऊन लागणे, पोटाचे विकार आणि झोप न येणे यांविषयीची पत्रे जास्त येतात. या वेळी मात्र महिनोन्महिने चालू राहिलेल्या ताणामुळे शरीर बिघडते का, हा प्रश्न नागपूरच्या अनेक वाचकांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे. त्यांपैकी तीन पत्रांना येथे उत्तर देत आहे. पहिल्या पत्राची थोडक्यात बोळवण करणे योग्य वाटले नाही, म्हणून बरीचशी जागा त्यालाच दिली आहे.

प्रश्न : माझे वय ४८ असून मी एका शाळेत शिक्षिका आहे. आम्ही मानेवाड्याला राहतो. सासूबाईंना चार वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. रात्री त्या दोन-तीनदा उठतात आणि माहेरी जायचे म्हणून दाराची कडी काढू लागतात, त्यामुळे मी त्यांच्याच खोलीत अर्धवट जागी झोपते. माझी मान आणि पाठ कायम आखडलेली असते, मधूनच छातीत धडधडते, पित्त होते, साध्या गोष्टी विसरायला होतात. रक्तदाब कधी १५०/९५, तर कधी अगदी ठीक येतो. ईसीजी, थायरॉइड, साखर सगळे नॉर्मल आले. विळीने बोट कापले होते, ती लहानशी जखम भरायला तीन आठवडे लागले. घरची मंडळी म्हणतात, "तू फार मनाला लावून घेतेस." ताणाचे शरीरावर खरेच असे परिणाम होतात का? नोकरी सोडता येत नाही आणि सासूबाईंना तर नाहीच नाही. मग ताण कमी करायचा तरी कसा?

उत्तर : ताई, होतात. तुम्ही लिहिलेले एकही लक्षण काल्पनिक नाही. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे अमुक चार आजार सध्या नाहीत एवढेच कळते; तुम्हाला काहीच त्रास नाही, असे त्यावरून कोणी म्हणू नये.

संकटाची चाहूल लागली की मेंदूकडून मज्जातंतूंमार्फत मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथींना संदेश जातो आणि काही क्षणांतच ॲड्रिनॅलिन हे संप्रेरक (हार्मोन) रक्तात उतरते. पाठोपाठ मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीमार्फत दुसरा संदेश जाऊन काही मिनिटांत कॉर्टिसॉल हे दुसरे संप्रेरक वाढते. नाडी जलद चालते, रक्तदाब चढतो, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते, स्नायू ताठ होतात आणि पचनाचे काम मागे पडते. ही व्यवस्था शरीराच्या हिताचीच आहे, मात्र ती थोड्या वेळापुरती आहे. संकट टळले की वाढलेले कॉर्टिसॉलच मेंदूला थांबण्याची सूचना देते आणि सारे पूर्वपदावर येते. तुमच्या बाबतीत ते टळतच नाही, कारण दिवसभर वर्ग, संध्याकाळी स्वयंपाक आणि औषधे, आणि रात्री त्या कडीच्या आवाजाकडे लागलेला कान. निरोगी माणसात कॉर्टिसॉल सकाळी उठल्यानंतर सर्वांत जास्त आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते. ज्याची रात्र रोज तुटते, त्याच्या शरीराला हा उतार नीट मिळत नाही. ब्रूस मॅकिवेन आणि इलियट स्टेलर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये अशा साचत जाणाऱ्या झिजेची कल्पना मांडली आणि आज ताणाचा विचार बहुतेक त्याच अंगाने होतो. ताण किती मोठा, यापेक्षा त्यातून शरीराला सुटका किती वेळा आणि किती वेळ मिळते, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

तुमच्या बोटाच्या जखमेविषयी वाचून मला एक जुना अभ्यास आठवला. जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ओहायो येथे केलेला हा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि त्यांच्याच वयाच्या, अशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया त्यात होत्या. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच छोटी जखम करून ती भरायला किती दिवस लागतात ते पाहिले, तेव्हा शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांना सरासरी नऊ दिवस अधिक लागले. सतत वाढलेले कॉर्टिसॉल प्रतिकारशक्तीच्या पेशींचे काम मंदावते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. अभ्यास लहान आहे आणि त्यावरून तुमच्या बोटाचे निदान करता येणार नाही, हे खरे. पण 'मनाला लावून घेणे' आणि जखम उशिरा भरणे या दोन गोष्टी एकमेकींपासून इतक्या दूर नाहीत, हे घरच्या मंडळींना दाखवायला तो पुरेसा आहे.

हृदयाविषयीही सांगायला हवे. भारतासह ५२ देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' या अभ्यासात, घरी किंवा कामावर सतत ताण असल्याचे सांगणाऱ्यांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. झटका येऊन गेलेला माणूस मागे वळून पाहताना ताण अधिक ठळकपणे आठवतो, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. तरीही सतत ताणात राहणाऱ्या माणसाचा रक्तदाब दुर्लक्षित राहू नये, एवढे त्यातून नक्की निघते.

म्हणून पहिले काम रक्तदाबाचे. घरी दंडावर बांधायचे यंत्र आणून सात दिवस सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटे शांत बसल्यानंतर, रक्तदाब मोजून वहीत लिहा. सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक आली तर डॉक्टरांना ती वही दाखवा. "हा तर नुसता ताणाचा रक्तदाब आहे" असे म्हणून औषध टाळू नका, कारण रक्तवाहिन्यांना दाब कशामुळे वाढला याने फरक पडत नाही. ४८व्या वर्षी रजोनिवृत्तीच्या सुमारासही धडधड, झोपमोड आणि विसरभोळेपणा येतो, तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञांना एकदा भेटा आणि हिमोग्लोबिन व बी-१२ पाहून घ्या. सगळे खापर ताणावर फोडण्यातही धोका असतो.

ताण कमी करण्याची सुरुवात मी तुमच्या रात्रीपासून करीन. ध्यान, व्यायाम, आहार हे सारे नंतर. आठवड्यातून निदान दोन रात्री सासूबाईंच्या खोलीत दुसऱ्या कोणीतरी झोपले पाहिजे आणि त्या दोन रात्री तुम्ही दार लावून वेगळ्या खोलीत झोपले पाहिजे. पती, दीर, नणंद, सज्ञान मुले, यांपैकी जे कोणी हे वाचत असतील त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की "काही लागले तर सांग" असे म्हणू नका, वार ठरवून घ्या. मदत मागण्याचे कामही थकलेल्या माणसावरच टाकले, तर त्याचा बोजा कमी होत नाही. कोणीच नसेल तर दोन रात्रींसाठी पगारी मदतनीस ठेवण्याचा खर्च हा घरच्या औषधपाण्याचाच खर्च समजावा.

सासूबाईंचे उठणेही काही प्रमाणात कमी करता येते. त्यांना दुपारी फार वेळ झोपू देऊ नका, सकाळच्या कोवळ्या उन्हात अंगणात किंवा गच्चीवर फिरवा, संध्याकाळनंतर चहा टाळा, आणि रात्री न्हाणीघराकडे जाणाऱ्या वाटेवर मंद दिवा ठेवा. उठणे अचानक वाढले असेल तर मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठ किंवा दुखणे आहे का, ते तपासून घ्यावे लागते. दाराला साधी घंटी बांधली की कान टवकारून झोपावे लागत नाही, दार हलले की ती वाजते. त्या माहेरी जायचे म्हणतात तेव्हा "माहेर आता कुठे राहिले" असे समजावू नका. माहेरच्या दोन गोष्टी विचारा, पाणी द्या, मग झोपवा. वाद टळला की दोघींचीही नाडी लवकर उतरते.

हे तीन आठवडे स्थिरावू द्या, मगच पुढची गोष्ट हाती घ्या. ती म्हणजे चालणे. शाळा सुटल्यावर घरी शिरण्याआधी दहा मिनिटे चाला आणि दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवा. आठवड्याला एकूण १५० मिनिटांपर्यंत पोचायला दोन-तीन महिने लागले तरी चालतील. नागपूरच्या मे महिन्यात अर्थातच हे सूर्योदयाच्या सुमारास किंवा अंधार पडल्यावर करा. श्वासाचा एक सोपा सरावही त्याला जोडता येईल. चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, अशा गतीने पाच मिनिटे बसा. म्हणजे मिनिटाला सहा श्वास होतात. लांब उच्छ्वासाने व्हेगस या मज्जातंतूचे काम वाढून हृदयाची गती उतरते. वर्ग संपल्यावर, खुर्चीत बसल्या बसल्याही हे होते.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिले, कशातच गोडी वाटेनाशी झाली, किंवा जगणे नको असे वाटू लागले, तर मात्र चालण्याच्या भरवशावर राहू नका. १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठी मदत देणारा केंद्र सरकारचा टेलि-मानस क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तो निःशुल्क आहे, दिवसरात्र लागतो आणि मराठीत बोलता येते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे मेडिकलच्या, मानसोपचार विभागात बाह्यरुग्ण म्हणूनही दाखवता येते.

प्रश्न : मी ३६ वर्षांचा असून हिंगणा एमआयडीसीतील कारखान्यात पाळीने काम करतो. दर आठवड्याला पाळी बदलते. घराचा हप्ता आणि मुलांची फी यांची काळजी डोक्यात असतेच. डोके हलके व्हावे म्हणून दिवसाला सहा-सात खर्रे होतात. रात्रपाळीनंतर झोप येत नाही म्हणून ओळखीच्या औषध दुकानातून झोपेची गोळी आणतो. हे सगळे एकदम बंद करावे का?

उत्तर : खर्रा बंद करायलाच हवा, पण खर्रा आणि गोळी यांना एकाच मापाने मोजू नका.

पन्नीत घोटलेल्या त्या सुपारी, तंबाखू आणि चुन्यातून निकोटीन गालाच्या आतल्या त्वचेवाटे रक्तात जाते आणि नाडी व रक्तदाब दोन्ही वाढवते, म्हणजे ताणात शरीर जे करते तेच करते. मग हलके का वाटते? आधीच्या खर्ऱ्यातील निकोटीन उतरल्याने जी बेचैनी सुरू झालेली असते, ती पुढच्या खर्ऱ्याने शमते. शमते ती खर्ऱ्यानेच निर्माण केलेली बेचैनी, हप्त्याची काळजी जागेवरच राहते. शिवाय सुपारीमुळे तोंड उघडणे कमी होत जाते आणि कर्करोगाचा धोका असतो. नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरलेली आहे. तोंडात तीन बोटे उभी सहज जात नसतील तर या आठवड्यातच शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा. सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या निःशुल्क राष्ट्रीय क्रमांकावर समुपदेशन मिळते. पहिले काही दिवस चिडचिड होईल आणि झोप बिघडेल, हे घरी आधीच सांगून ठेवा.

झोपेच्या गोळीचे उलट आहे. पाकिटावरचे नाव तुम्ही लिहिलेले नाही, पण दुकानातून सर्रास मिळणाऱ्या अशा बऱ्याच गोळ्या सवय लावणाऱ्या असतात. महिनोन्महिने घेत असाल तर त्या अचानक सोडल्याने तीव्र अस्वस्थता, क्वचित आकडीचे (फिटचे) झटकेही येतात. पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा, ते मात्रा हळूहळू उतरवतील. पाळीच्या बाबतीत व्यवस्थापनाशी बोलता आले तर दिवस, संध्याकाळ, रात्र असा पुढे सरकणारा क्रम मागा. उलट्या क्रमापेक्षा तो शरीराला सोसतो. रात्रपाळीहून येताना गडद चष्मा लावा, खोलीला जाड पडदे आणि कूलर असू द्या, आणि पाळीच्या उत्तरार्धात चहा घेऊ नका.

प्रश्न : काळजीने अल्सर होतो असे आमच्या इतवारीतल्या शेजाऱ्यांचे म्हणणे आहे. मला सहा महिन्यांपासून पोटात जळजळते. काळजी सोडली की बरे होईल का?

उत्तर : पूर्वी डॉक्टरही तसेच मानत. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९८०च्या दशकात जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा अल्सरशी असलेला संबंध दाखवून दिला आणि त्यासाठी त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेक अल्सर या जिवाणूमुळे किंवा वरचेवर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांमुळे होतात. ताणाने जळजळ अधिक जाणवते आणि जखम भरणे लांबते, पण जिवाणू असेल तर तो काळजी सोडल्याने जात नाही, त्याला औषधांचा पूर्ण कोर्स लागतो. सहा महिने हा काळ थोडा नाही. पोटविकारतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. शौचास डांबरासारखे काळे होत असेल, उलटीत रक्त दिसले किंवा वजन विनाकारण उतरत असेल, तर वेळ ठरवून जाण्याची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.