मुंबईतल्या तंत्रज्ञान संस्थांत नेमकं कसलं संशोधन चालतं? त्यातून सामान्य माणसाच्या पदरात काय पडतं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की मेकॅनिकलची पदवी झाली आहे, पीएच.डी. करायचं डोक्यात आहे आणि वडील विचारतात, "पाच वर्षं तिथे बसून करणार काय?" मला वडिलांचा प्रश्न जास्त आवडला, म्हणून उत्तर त्यांच्यासाठीच देते. तुम्ही ऐकून त्यांना सांगा.

मी इथल्या एका तंत्रज्ञान संस्थेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक चालवते. आम्ही सगळे त्याला 'सेम' म्हणतो. माझ्या नावावर संशोधन नाही, पण सगळ्या विभागांची मुलं सॅम्पल घेऊन माझ्याच दारात येतात. सिव्हिलचा मुलगा काँक्रीटचा तुकडा आणतो, केमिकलची मुलगी उत्प्रेरकाची भुकटी, मेकॅनिकलवाला तुटलेला बोल्ट, बायोवाले सुकवलेले जिवाणू. आठवड्याची स्लॉटची यादी वाचली की संस्थेत काय चाललंय ते वार्षिक अहवालापेक्षा बरं कळतं. या खुर्चीत बसून एक गोष्ट माझ्या पक्की लक्षात आली आहे: विभागांच्या भिंती प्रवेशाच्या फॉर्मपुरत्या असतात. काम एखाद्या अडलेल्या प्रश्नाभोवती चालतं आणि तो प्रश्न विभाग विचारून येत नाही.

काँक्रीटचंच घ्या. मुंबईत जुन्या इमारतीत राहिलेल्या प्रत्येकाने स्लॅबचं प्लास्टर खाली आलेलं आणि आतली गंजकी सळई पाहिलेली असते. आपण बिल्डरला शिव्या देतो. कधी कधी त्या बरोबरही असतात, पण आत काय घडतं ते वेगळं आहे. चांगल्या काँक्रीटच्या आतलं वातावरण इतकं अल्कधर्मी असतं की सळईवर ऑक्साइडचा एक पातळ थर बसतो आणि तोच तिला गंजू देत नाही. समुद्राच्या हवेतले क्लोराइड वर्षानुवर्षं सूक्ष्म छिद्रांतून आत झिरपतात आणि सळईपाशी पोचले की तो थर तोडतात. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. ती जागा काँक्रीट देत नाही, म्हणून ते फुटतं. म्हणजे तुमच्या डोक्यावर पोपडा पडतो तेव्हा आतलं काम बऱ्याच आधी सुरू झालेलं असतं.

आता यावर काम करणारी मुलं काय करतात? सिमेंटचा काही भाग काढून त्याजागी औष्णिक वीजकेंद्रातली फ्लाय ॲश घालतात. माझ्या पडद्यावर ती राख पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास "हे काय?" म्हणतो. राख म्हटल्यावर काहीतरी भुरभुरीत, वेडंवाकडं डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात दिसतात साबुदाण्यासारखे गुळगुळीत गोळे, काही पोकळ, काहींच्या पोटात आणखी बारके गोळे. काँक्रीट ओतून २८ दिवस झालेल्या सॅम्पलमध्ये यातले बरेच गोळे तसेच्या तसे बसलेले दिसतात. ९० दिवसांच्या सॅम्पलमध्ये त्यांची साल खाल्ल्यासारखी दिसते, भोवती जेलचा थर चढलेला असतो. सिमेंटमधून सुटलेल्या चुन्याशी राखेची सावकाश रासायनिक क्रिया होते आणि त्यातून झालेलं जेल छिद्रं बुजवतं. छिद्रं बुजली की क्लोराइडची वाट लांबते.

एवढं एक चित्र मिळवायला किती खटाटोप असतो ते वडिलांना जरूर सांगा. तुकडा कापायचा, पूर्ण सुकवायचा, कारण ओलावा राहिला तर सूक्ष्मदर्शकाच्या आत लागणारी निर्वात पोकळी तयारच होत नाही. पॉलिश केलेला छेद हवा असेल तर तो इपॉक्सीत बसवून घासत बसायचं. मग कार्बन टेपने स्टबवर, म्हणजे धातूच्या छोट्या बैठकीवर, चिकटवायचा. काँक्रीटमधून वीज वाहत नाही, म्हणून वर काही नॅनोमीटरचा सोन्याचा थर द्यायचा, नाहीतर इलेक्ट्रॉन साचून चित्र पांढरंफटक होतं. क्लोरीन किती आत गेलंय हे मोजायचं असेल तर सोन्याऐवजी कार्बनचा थर बरा. जुलै-ऑगस्टात मुंबईची दमट हवा या सगळ्याच्या जिवावर उठते. बाहेरून डंपर गेला तरी मोठ्या विवर्धनावर चित्रात लाट येते. आणि हे सगळं झाल्यावर गाईड म्हणतात, "छान. आता आणखी तीन जागांवरून घे."

गंमत अशी की हे सॅम्पल आणणारा मुलगा सिव्हिलचा, जेलचं रसायन त्याला केमिस्ट्रीवाले समजावतात, क्लोराइड पुढच्या तीस वर्षांत किती आत जाईल याचं गणित कॉम्प्युटरवर मांडायला कुणी तिसराच बसतो, आणि छिद्रं मोजायला आजकाल चित्रं थेट मशीन लर्निंगच्या प्रोग्रॅममध्ये घालतात. मेकॅनिकलचा माणूस इथे कुठेही खपतो. तुटलेल्या बोल्टचंच बघा. तुटलेल्या भागावर बारीक समांतर रेघा दिसल्या तर तो थकून तुटला, म्हणजे पुन्हा पुन्हा पडणाऱ्या भाराने चीर हळूहळू पुढे गेली. खळगेच खळगे दिसले तर एकदाच जास्त ताण आला आणि तो ताणला जाऊन तुटला. अपघाताच्या चौकशीत या दोन उत्तरांमुळे जबाबदारी कुणाची ते पार बदलू शकतं.

शहराचा इतिहासही असाच मिसळलेला आहे. माटुंग्याच्या व्हीजेटीआय या अभियांत्रिकी महाविद्यालयाची सुरुवात १८८७ची. त्याच माटुंग्यातली आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी), जुन्या लोकांची यूडीसीटी, १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग म्हणून उभी राहिली. गिरण्या होत्या, रंग लागायचे, कापडावर प्रक्रिया लागायची, म्हणून तसे विषय आले. तिथले प्रा. मनमोहन शर्मा वायू आणि द्रव यांच्यातल्या अभिक्रियांवर काम करून १९९०मध्ये ब्रिटनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले.  शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर तिथलेच विद्यार्थी. पवईची आयआयटी १९५८ची, तेव्हाच्या सोव्हिएत मदतीतून उभी राहिलेली.

आता पदरात काय पडतं ते. सगळ्यात ठसठशीत उदाहरण पवईचंच आहे. रक्ताच्या काही कर्करोगांवर कार-टी नावाचा उपचार आहे. रुग्णाच्या रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांच्यात नवं जनुक घालायचं, म्हणजे त्या कर्करोगी पेशींवरची सीडी-१९ ही खूण ओळखू लागतात, मग त्या वाढवून रुग्णाला परत द्यायच्या. परदेशात याचा खर्च कोटींत जातो. आयआयटी मुंबईच्या प्रयोगशाळेत यावर काम झालं, टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी रुग्णांवर चाचण्या केल्या, २०२१मध्ये टाटा मेमोरियलच्याच खारघरच्या केंद्रात पहिल्या रुग्णाला तो दिला गेला, ऑक्टोबर २०२३मध्ये औषध नियामकाची मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०२४मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. परदेशी किमतीच्या साधारण दहाव्या हिश्शात. सामान्य घराला तेही झेपणारं नाही, हे मान्य. पण हा नुसता जीवशास्त्राचा विजय समजू नका. त्याच दर्जाच्या पेशी प्रत्येक रुग्णासाठी नव्याने, जंतुविरहित, वेळेत तयार करणं हा उत्पादनाचा प्रश्न आहे, आणि उत्पादन म्हटलं की तुमचं मेकॅनिकलचं खातं आलं.

दुसरं उदाहरण पावसाचं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. भरतीच्या वेळी नाल्यांचं पाणी समुद्र घेत नाही, त्यामुळे कुठे किती पाणी साचेल हे पाऊस आणि भरती दोन्ही एकत्र मांडल्याशिवाय कळत नाही. पवईत यावर काम चालतं आणि लोकांनी कळवलेली पाण्याची पातळीही त्यात धरली जाते. तिथेच भाषा-तंत्रज्ञानाचं केंद्र आहे, त्यांनी मराठीचा शब्दबंध उभा केला, म्हणजे मराठी शब्दांचे अर्थ आणि त्यांची आपसातली नाती संगणकाला कळतील अशा रीतीने मांडली. वर्षानुवर्षांचं किचकट काम. त्यावर पेढे वाटले जात नाहीत.

तर वडिलांना खरं खरं सांगायचं तर पाच वर्षांतली बरीचशी वाट बघण्यात जातात. स्लॉटची वाट, बाहेरून येणाऱ्या रसायनाची वाट, रिव्ह्यूअरच्या उत्तराची वाट. बरेचसे प्रबंध कुणाच्या घरी थेट काही नेत नाहीत. त्यातली एखादी पद्धत किंवा मोजणी दहा वर्षांनी दुसऱ्या कुणाला उपयोगी पडते. मला यात काही गैर वाटत नाही. फक्त छापून आलेल्या शोधनिबंधांची, म्हणजे पेपरांची, संख्या मोजत बसणारी जी हवा आहे तिची मला चीड येते. एका सॅम्पलचे तीन पेपर करायचे म्हणून मुलं माझ्याकडून तीच तीच चित्रं वेगवेगळ्या कोनांतून मागतात.

पैशांचं विचारतीलच. पीएच.डी.च्या विद्यावेतनाचे केंद्र सरकारचे दर जानेवारी २०२३पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये असे आहेत. आयटीत लागलेल्या मित्राशी तुलना केली तर वाईट वाटेल. हॉस्टेल मिळालं तर मुंबईत निभावतं. गेट ही प्रवेशासाठीची परीक्षा द्याच, स्कोअर तीन वर्षं चालतो.

विषय निवडताना नावावर भुलू नका. 'नॅनो', 'एआय', 'स्मार्ट' हे शब्द शीर्षकात असले म्हणून आत काही असतंच असं नाही. ज्या गाईडकडे जायचंय त्यांच्या शेवटच्या दोन-तीन विद्यार्थ्यांचे प्रबंध शोधा. शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध फुकट वाचायला मिळतात, नाही सापडले तर संस्थेच्या ग्रंथालयात विचारा. प्रबंध उघडला की आधी ऋणनिर्देश वाचा. कुणाचं उपकरण वापरलं, किती वेळा दुसऱ्या संस्थेत धावावं लागलं, गाईडचे आभार मनापासून मानलेत की उरकलेत, सगळं तिथे कळतं. मग त्या विद्यार्थ्यांपैकी एकाला गाठून चहा पाजा आणि विचारा की काम अडलं तेव्हा सर किंवा मॅडम काय करायचे. मुलाखतीला जाण्याआधी हे झालं पाहिजे, प्रवेश घेतल्यावर त्याचा उपयोग नाही.