चालत्या ट्रेनमध्ये अनोळखी लोकांचा झटपट मेकओव्हर करता येतो का?

ट्रेन-बसमध्ये भेटणाऱ्या अनोळखी लोकांचा दहा मिनिटांत मेकओव्हर करून व्हिडिओ टाकायचेत, लोक तयार होतील का आणि किटमध्ये काय ठेवू, असं तुम्ही विचारलंय. किटचं आधी सांगते. फाउंडेशन घरी ठेवा.

हे वाचून आमच्या मॅडमनी कपाळावर हात मारला असता. मी ज्यांच्या पार्लरमध्ये शिकले त्यांचं ठाम मत होतं की फाउंडेशनचा बेस नाही तर मेकअप नाही, आणि माणूस ओळखू आला तर तो मेकओव्हर कसला! यावरून आमचं कायम वाजायचं. मी तिथून बाहेर पडले तीसुद्धा याच वादानंतर.

तर ऐका. एका शूटवरून मी ट्रेनने परत येत होते, किट मांडीवर. समोर चाळिशीतल्या एक बाई. मेकअप घरी करून निघाल्या होत्या, पण डब्यातल्या पांढऱ्या उजेडात त्याचं पितळ उघडं पडलं होतं. चेहरा राखाडी, जबड्याखाली एकदम वेगळा रंग. मोबाइलचा कॅमेरा लावून त्या बोटाने पुसत होत्या, त्यामुळे आणखी चट्टे पडत होते. माझं किट दिसल्यावर त्यांनीच विचारलं, “तुम्ही मेकअप करता का हो? हे जरा निस्तरून द्याल?” बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर त्या नोकरीवर रुजू व्हायला निघाल्या होत्या.

मी आधी सगळा बेस काढला. कापसावर मायसेलर वॉटर (मेकअप पुसायचं पाणी) घेऊन, अगदी मानेपर्यंत. डोळ्यांखालच्या निळसर काळपटपणावर डाग झाकायचा उजळ कन्सीलर थापला की तो राखाडीच दिसतो, म्हणून निळसरपणा मारणारा नारिंगी करेक्टर घेतला (त्वचा फार उजळ असेल तर पीच). डबीतून स्पॅच्युलाने काढला आणि त्यांच्याच बोटाने थोपटून बसवायला लावला. गालांवर त्यांच्याच लिपस्टिकचा एकेक ठिपका, पसरवून. भुवया नव्या स्पूलीने (मस्काऱ्याच्या कांडीसारखा छोटा ब्रश) विंचरल्या, भांग जरा बाजूला नेला. मस्कारा त्यांच्या पर्समधला, तोही गाडी स्टेशनात थांबल्यावर त्यांनी स्वतः लावला. अमेरिकेची एफडीए, म्हणजे औषधं-सौंदर्यप्रसाधनांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, प्रवासात डोळ्यांचा मेकअप करू नका म्हणते ते उगाच नाही. कांडीचा बारीकसा ओरखडा डोळ्याला गेला तरी संसर्ग गंभीर होऊ शकतो.

आरशात बघून बाई म्हणाल्या, “एवढंच?” थोड्या हिरमुसल्याच होत्या. मी मात्र खूश. मॅडम, तुमच्या पद्धतीने त्या नव्या ऑफिसात वेगळाच चेहरा घेऊन गेल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी तो स्वतःला जमला नसता!

हे बघून शेजारची मुलगी “माझंही करा ना” म्हणत सरसावली. तिच्या ओठाच्या कडेला पाण्याने भरलेले बारीक फोड होते. ओठांना हात लावणार नाही, असं तोंडावर सांगितलं आणि फक्त केस नीट करून दिले. असे फोड बहुतेक वेळा हर्पीसचे असतात, आणि तो विषाणू लिपस्टिकवरून दुसऱ्याच्या ओठांवर जाऊ शकतो. तुम्हालाही असं ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे. जमत नसेल तर या फंदात पडू नका.

बाकी किटमध्ये वापरून टाकायच्या स्पूली, कापूस, चेहऱ्यावरचं तेल टिपायला ब्लॉटिंग पेपर, पिना, कंगवे आणि ७० टक्क्यांचं अल्कोहोल. ९९ टक्क्यांचं जास्त कडक म्हणून घेऊ नका, ते लगेच उडून जातं, जंतू मारायला त्यात थोडं पाणी लागतंच. शक्यतो समोरच्याच्या पर्समधलंच सामान वापरा. ॲलर्जी कधीकधी एक-दोन दिवसांनी उठते, तोवर ते माणूस तुम्हाला सापडणार नाही.

लोक नाकं मुरडतील. २०१६ मध्ये टोक्योच्या तोक्यू रेल्वेने डब्यात मेकअप करणाऱ्या बायका ओंगळ दिसतात, अशा आशयाची जाहिरात लावली होती आणि तिच्यावरून चांगलाच वाद झाला. मला त्यात काही ओंगळ वाटत नाही. पण अनोळखी माणसाला जाऊन “तुमचा चेहरा सुधारून देऊ का?” विचारणं मात्र शंभर टक्के ओंगळ आहे. किट उघडून बसा, ज्याला हवं तो विचारेल.

मॅडमचं आणखी एक पालुपद होतं, फुकट केलंस तर कामाची किंमत जाते. त्या बाईंनी उतरताना माझा नंबर घेतला आणि पुढे घरच्या लग्नाचं सगळं काम मला दिलं, हे मॅडमना कुणीतरी कळवा.

हो, व्हिडिओचं राहिलंच. चेहरा दाखवायची लेखी परवानगी घ्या, लहान मुलं अजिबात नकोत, आणि डब्यात चित्रीकरण चालतं का ते त्या-त्या वाहतूक सेवेला आधी विचारा. मेकअप टिकवायचा सेटिंग स्प्रेही नेऊ नका, बंद डब्यात शेजारचे खोकत बसतात.